माळ्यावरच्या रेडिओचा स्पीकर

सांगली
१२ जानेवारी २०२५

प्रिय अविनाश,

परवा फोनवर तू म्हणालास, गावाकडच्या घराची आवराआवर चाललीय आणि आजोबांचा रेडिओ भंगारात द्यायचा ठरलंय. तेव्हा गडबडीत काही बोललो नाही, पण रात्रभर तेच डोक्यात होतं. देऊ नकोस रे. निदान त्यातला स्पीकर तरी काढून ठेव.

असाच एक माझ्याकडे मामांच्या वाड्यातून आला. आठ इंची, कागदाचा कोन (थरथरून आवाज काढणारा समोरचा पडदा) पिवळा पडलेला. दुरुस्तीवाल्याने मागे स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, तो चिकटेना. "मॅग्नेट गेलाय, नवा स्पीकर बसवा," म्हणाला. पण त्यात मॅग्नेट कधी नव्हताच! त्या काळी जोरदार कायमचा चुंबक स्वस्तात मिळत नसे, म्हणून मागे बारीक तांब्याच्या तारेची मोठी कॉईल असायची. तिला वीज दिली की लोखंडाचा चुंबक होतो. राईस आणि केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडलेला स्पीकर याच जातीचा. रेडिओत हीच कॉईल चोकचंही, म्हणजे विजेतले चढउतार गाळायचंही काम करायची. रेडिओच्या काचेच्या व्हॉल्व्हना लागणारा डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) तिच्यातून जाता जाता गाळला जाई. पुढे अल्निको या मिश्रधातूचे कायमचे चुंबक परवडायला लागले आणि ही कॉईल गेली.

आधी कोन हाताळला. दोन ठिकाणी फाटला होता. पतंगाच्या कागदाचे बोटभर तुकडे हाताने फाडून (कापायचे नाहीत, कापलेली कड उठून दिसते) पाणी घातलेल्या फेव्हिकॉलने मागून लावले. मग कोन बोटांनी अलगद दाबून बघितला, तर खर्र खर्र! कोनाला चिकटलेली छोटी कॉईल, म्हणजे व्हॉइस कॉईल, घासत होती. मधला स्क्रू ढिला केला, फटीत जुन्या एक्स-रे फिल्मच्या चार पट्ट्या सरकवल्या आणि स्क्रू परत आवळला. पट्ट्या काढल्यावर कोन नि:शब्द आत-बाहेर झाला. तेवढ्यासाठी तीन संध्याकाळी गेल्या.

मागची कॉईल मल्टिमीटरवर १००० ओहम निघाली. १०० व्होल्ट दिले तर १०० मिलिअँपिअर, म्हणजे १० वॅट. मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून ९० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतला. पुढे एसीचा डीसी करणारा ब्रिज, वीज साठवणारा कपॅसिटर, ट्यूबलाईटचा जुना चोक, परत एक कपॅसिटर, आणि जास्तीचे व्होल्ट खायला एक रेझिस्टर. कॉईलला उलटा डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावायला विसरू नकोस. वीज तोडताक्षणी ती मोठा झटका फेकते. कपॅसिटरवरही रिकामं करणारा रेझिस्टर हवाच. हा डीसी जिवावर बेतू शकतो, एकटा असताना हात घालू नकोस. तासाभराने कॉईल गरम होते आणि ओहम दीडशेने वाढतात. घाबरायचं नाही, तांब्याचा तो गुणच आहे.

बटण दाबलं आणि स्क्रू-ड्रायव्हर मागच्या लोखंडाजवळ नेला. टक्! हातातून ओढून घेतला त्याने. इतकी वर्षं मेलेलं लोखंड.

व्हॉइस कॉईल चार ओहमच्या आसपास होती, त्यामुळे घरातला छोटा अँप्लिफायर चालला; दोन-तीन वॅट भरपूर होतात. गायिका हिराबाईंची जुनी रेकॉर्ड लावली. वरचा झगमगाट नाही, खालचा धमाका नाही, पण गळा असा समोर येऊन बसला, की आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि दारातच उभी राहिली. मग मी मुद्दाम मागच्या कॉईलची वीज बंद केली. गाणं चालू असतानाच आवाज विझत गेला, जणू कुणी दूर चाललंय. परत चालू केली, परत आला. हे मी त्या रात्री किती वेळा केलं, विचारू नकोस.

तर शनिवारी गावी गेलास की एवढंच कर: कोनाला बोट लावू नकोस, रेडिओ प्लगला लावू नकोस, आणि स्पीकरच्या मागे स्क्रू-ड्रायव्हर टेकव. चिकटला नाही, तर मागच्या कॉईलच्या दोन वायरी शोधून मीटरवर ओहम बघ. आकडा आला की लगेच फोन कर, रात्रीचे अकरा वाजले तरी. त्या आकड्याप्रमाणे इथे ट्रान्सफॉर्मर गुंडाळायला टाकतो.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
श्रीकांत