‘ऑटिझममुळे असेल’ म्हणून थांबू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या व्यक्तीची झोप उडाली, जेवण तुटले, आवडत्या गोष्टीला ती हात लावेनाशी झाली, तर घरी आणि अनेकदा दवाखान्यातही एकच उत्तर मिळते : ‘ऑटिझममुळे असेल.’ या उत्तरापायी अनेकांचे उपचार वर्षानुवर्षे रखडतात. ऑटिझम लहानपणापासून असतो. गेल्या दोन महिन्यांत झालेला बदल त्याच्या माथी मारता येत नाही. चिंताविकार, नैराश्य, मंत्रचळ (नको असतानाही तोच विचार किंवा कृती पुन्हापुन्हा होणे) हे आजार ऑटिझमसोबत इतरांपेक्षा बरेच जास्त आढळतात आणि त्यांवर उपचार आहेत.

तुलना करायची ती त्याच व्यक्तीच्या आधीच्या वागण्याशी. रेल्वेच्या वेळापत्रकात तासन्‌तास रमणे हा छंद झाला. दाराची कडी पुन्हापुन्हा तपासताना घामाघूम होणे, थांबता येत नाही म्हणून रडणे, हा मंत्रचळ असू शकतो.

तपासणीतल्या प्रश्नांनीही घोळ होतो, कारण ऑटिझम असलेली व्यक्ती अनेकदा प्रश्नाचा शब्दशः अर्थ घेते. ‘तुम्हाला आवाज ऐकू येतात का?’ याचे उत्तर ‘हो’ येते, कारण डॉक्टरांचा आवाज ऐकू येतच असतो. ‘इतरांना न येणारे आवाज?’ पुन्हा ‘हो’, कारण ट्यूबलाइटची बारीक गुणगुण तिला खरोखर ऐकू येते. एवढ्यावर सायकोसिसचे (वास्तवाचे भान सुटणाऱ्या आजाराचे) निदान झाले, तर नको ती औषधे मागे लागतात. त्याऐवजी ‘खोलीत कुणीच नसताना कुणी बोलल्यासारखे ऐकू येते का? काय बोलते?’ असे विचारावे. ‘कसे वाटते?’ हा प्रश्नही निरुपयोगी ठरतो, कारण आपली भावना ओळखून शब्दांत मांडणे अनेकांना जड जाते. ‘काल किती वाजता झोप लागली?’ याचे उत्तर नेमके येते. जीव नकोसा होतो का, हेही आडवळण न घेता विचारावे. चेहरा शांत आहे म्हणजे धोका नाही, असे मुळीच समजू नये.

डॉक्टरांकडे जाण्याआधी दोन आठवडे रोज टिपून ठेवावे : झोपण्या-उठण्याची वेळ, खाल्लेले अन्न, बोलणे कमी झाले का, आणि त्रागा सुरू होण्याच्या अर्धा तास आधी काय घडले. न बोलणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत दातदुखी, कानदुखी, बद्धकोष्ठता, फिट यांची तपासणी आधी व्हायला हवी. हालचाल मधेच गोठू लागली, घास तोंडाशी नेऊन हात तसाच राहिला, पाणी पिणे बंद झाले, तर तो कॅटाटोनिया असू शकतो. तेव्हा हट्ट समजून रागावण्यात वेळ न घालवता लगेच मनोविकारतज्ज्ञ गाठावा. यावर औषध आहे.

औषधे अगदी कमी डोसने, एका वेळी एकच सुरू करून सावकाश वाढवलेली बरी. नैराश्याच्या काही गोळ्यांनी पहिल्या आठवड्यांत अस्वस्थता वाढते, झोप जाते. घरच्यांना वाटते, आजारच बळावला. रिस्पेरिडोन आणि अॅरिपिप्राझोल तीव्र चिडचिडीवर दिली जातात, ऑटिझम त्याने जात नाही. ती चालू असताना वजन, रक्तातील साखर आणि कोलेस्टेरॉल ठरावीक काळाने तपासावेच लागते. कोणतीही गोळी मनाने एकदम बंद करू नये.

समुपदेशनही बदलून करावे लागते. मुद्दे कागदावर लिहून किंवा चित्र काढून दाखवावेत, वेळ व खोली तीच ठेवावी, नजरेला नजर देण्याचा आग्रह सोडावा.

ऑटिझम केंद्र म्हणते मानसोपचाराकडे जा, तिथे म्हणतात हा ऑटिझम आहे. ही टोलवाटोलवी थांबवायची तर केसपेपरवर दोन्ही निदाने वेगवेगळी लिहावीत, कोणते औषध कोणत्या लक्षणासाठी आहे ते त्यापुढे नोंदवावे आणि पुढची तपासणी कोण करणार तेही तिथेच ठरवावे.

– एक विशेष शिक्षक