ब्रह्मा आणण्याआधी दांडीची उंची मोज

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परसात सहा तलंगा (अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) आणि एक नर ठेवायचा बेत आहे, आणि तेही ब्रह्मा जातीचे, हे वाचून फार आनंद झाला. शांत, माणसाळणारी, अंगाखांद्यानं भरलेली कोंबडी आहे. फक्त ती हलक्या जातीच्या कोंबडीसारखी ठेवायला जाऊ नकोस. पूर्ण वाढलेली मादी चार किलोच्या पुढे जाते आणि नर पाच किलोच्या वर, त्यात नडगीपासून बोटांपर्यंत पिसं. हिची बहुतेक दुखणी वजनातून नाहीतर पायांतून येतात. म्हणून सगळं खुराडं या दोन गोष्टी डोळ्यांपुढे ठेवून बांध.

पिल्लं निवडताना पहिल्याच दिवशी पाय बघ. नडगीच्या बाहेरच्या अंगाला आणि बाहेरच्या दोन बोटांवर लव असायला हवी. मधलं बोट उघडं असेल तर ते पिल्लू घेऊ नकोस. तुरा करवतीसारखा उभा नसतो. तीन बुटक्या रांगा असतात, मधली किंचित उंच. नाव ब्रह्मपुत्रेवरून पडलं असलं तरी जात घडली अमेरिकेत, शांघाय बंदरातून तिथे गेलेल्या मोठ्या पक्ष्यांपासून. तिथल्या १८७४ च्या जातिमानकात, म्हणजे जातींची लक्षणं ठरवणाऱ्या पुस्तकात, लाइट आणि डार्क हे दोन रंग आले, बफ म्हणजे पिवळसर रंग पुष्कळ नंतर, १९२४ मध्ये.

आता दांडी, म्हणजे कोंबड्या रात्री बसतात ती आडवी फळी. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. जमिनीपासून ३० ते ४५ सेंटिमीटर, त्याहून उंच नको. पक्षी कसाबसा वर चढतो, पण सकाळी उडी मारतो तेव्हा सगळा भार तळव्यावर येतो. तिथे बारीक चीर पडते, चिरेतून जंतू शिरतात, आणि काही दिवसांनी तळव्याच्या गादीवर काळी टणक खपली आणि आत गळू. पक्षी लंगडू लागेपर्यंत कळतही नाही, कारण पिसांनी पाय झाकलेला असतो. दांडी गोल बारीक काठीची नको. सात ते नऊ सेंटिमीटर रुंद चपटी फळी घे, कडा घासून गोल कर. एका पक्ष्याला ३० ते ३५ सेंटिमीटर जागा धर. सगळ्या दांड्या एकाच उंचीवर ठेव, नाहीतर वरच्या दांडीसाठी भांडणं होतात.

काही ब्रह्मा दांडीवर चढतच नाहीत, खालीच झोपतात. चढवायचा अट्टहास करू नकोस, त्याऐवजी खुराड्यातली जमिनीवरची गादी कोरडी राख. लाकडाच्या जाड छिलक्यांचा १० ते १५ सेंटिमीटर थर घाल. बारीक भुसा नको, धूळ श्वासनळीत जाते. मूठभर गादी दाबून बघ. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ती ओली आहे, तेवढी काढून टाक. आणि वास उभ्यानं घेऊ नकोस. गुडघ्यावर बसून, पक्ष्याच्या डोक्याच्या उंचीवर नाक ने. तिथे डोळे चुरचुरले तर अमोनिया साठलाय, हवा खेळायला वरच्या बाजूला झरोका हवा.

खुराड्यात एका पक्ष्याला अर्धा चौरस मीटर तरी दे, बाहेर फिरायला दोन-तीन. दार ३५ सेंटिमीटर रुंद, ४५ उंच. अंडी घालायची खोकी ४० बाय ४० सेंटिमीटरची आणि जमिनीलगत. उंचावर ठेवल्यास आत उडी पडते आणि आधीची अंडी फुटतात. उडण्यात ही कच्ची असल्यामुळे मीटरभर कुंपण तिला पुरतं. पण शत्रू आत येऊ नये यासाठी जाळी वरूनही बंद हवी.

आठवड्यातून एकदा अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन पाय तपास. पक्षी काखेत धर, पिसं उलटी सार. निरोगी खवले कौलांसारखे एकावर एक चपटे बसलेले दिसतात. कडा उचलल्या असतील आणि खाली पांढरट खडूसारखी पूड असेल, तर खवल्यांखाली माइट, म्हणजे अगदी बारीक किडे, शिरलेत. कोमट साबणाच्या पाण्यात दहा मिनिटं पाय बुडव, मऊ ब्रशनं हलकेच घास, पूर्ण कोरडे कर, मग पेट्रोलियम जेली पिसांच्या मुळांपर्यंत चोळ. माइट गुदमरतात, पण त्यांची अंडी उरतात, म्हणून तीन-चार दिवसांनी पुन्हा, असं महिनाभर. सुटलेला खवला ओढू नकोस आणि रॉकेल तर लावूच नकोस, कातडी भाजते. कळपातल्या सगळ्यांवर एकदमच उपचार कर आणि दांड्यांच्या फटीही साफ कर. गोळ्या-इंजेक्शन पशुवैद्याच्या सांगण्यावरूनच, अंडी किती दिवस खायची नाहीत हे विचारून.

चिखलाच्या दिवसांत बोटांना मातीचे गोळे चिकटून दगडासारखे होतात. ओढलेस तर नखाचं टोपण निघून येतं. पाण्यात भिजव आणि बोटांनी कुस्करून काढ. नवं पीस येताना त्याच्या देठात रक्त असतं, ते मोडलं की भळाभळा वाहतं. कॉर्नफ्लोर दाबून धर आणि पक्षी वेगळा ठेव, कारण लाल रंग दिसला की बाकीच्या टोचत सुटतात.

पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३५ अंश ऊब, मग दर आठवड्याला तीन-तीन अंश कमी. खाली गुळगुळीत कागद नको, पाय फाकतात. वीस टक्के प्रथिनांचं स्टार्टर (पिल्लांचं खाद्य) आठ आठवडे, मग ग्रोअर (वाढत्या पक्ष्यांचं खाद्य). ब्रॉयलरचं (मांसाच्या कोंबड्यांचं) खाद्य घालून वजन ओढू नकोस, हाडं मागे राहतात. ही सावकाश वाढणारी जात आहे. अंडी सहा-सात महिन्यांनी सुरू होतात, कधी त्याहून उशिरा, आणि आठवड्याला तीन-चार मिळतात. पहिलं अंडं दिसेपर्यंत लेअर खाद्य (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं) नको, त्यातल्या जास्त कॅल्शियमनं मूत्रपिंडं बिघडतात.

उन्हाची मात्र मला खरी काळजी वाटते. तुरा कोंबडीचं शरीर थंड ठेवतो, आणि हिचा तुराच बुटका, वर दाट पिसं. तीस अंशांपुढे पक्षी चोच उघडून धापा टाकू लागतो. त्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि अंड्याचं कवच पातळ पडतं. सावली, गार पाणी, खाद्य पहाटे आणि संध्याकाळी; दुपारी पक्षी हाताळूच नकोस.

जोडीत अंडी फलित होत नसतील तर नर बदलण्याआधी दोघांच्याही शेपटीखालची दाट पिसं कातरून बघ. बहुतेक वेळा तीच आड येतात. मादी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसू लागली, तर रवणीला (उबवणीला) बसव, पण दहाच्या वर अंडी नकोत. तिच्या वजनाखाली अंडी फुटतात आणि पिल्लंही चेंगरतात, म्हणून एकविसाव्या दिवशी लक्ष ठेव.

पक्षी आणायच्या आधी दांडी किती उंच आहे ते मोजून कळव. ४५ सेंटिमीटरच्या वर असेल तर आधी ती खाली घे, मगच पक्षी आण.

तुझा मित्र