आईला सांग, सुईणच होतेय

लीड्स, १२ एप्रिल

ती. आत्यास सा. न.

फोनच केला असता, पण आई शेजारी बसून ऐकते आणि मधेच फोन काढून घेते, म्हणून कागद घेतलाय. गेल्या रविवारी ती म्हणाली, "मंगळवार पेठेत तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीस. बायका विचारतात, पोरगी विलायतेत जाऊन सुईण झाली म्हणं?" मला हसू आलं आणि रागही. सिस्टर म्हणून मिरवता येतं, सुईण म्हटलं की लाज. आणि हे तिनं तुझ्या भावाच्या घरात बसून म्हणावं!

आपल्याकडच्या माझ्या रजिस्ट्रेशनवर नर्स आणि मिडवाइफ (म्हणजे सुईणच), दोन्ही लिहिलंय. इथं ती दोन वेगळी खाती आहेत. मला घेतलं ते नर्सच्या खात्यात. तेव्हा वाईट वाटलं होतं, आता वाटतं बरोबरच केलं त्यांनी. ट्रेनिंगला असताना आम्ही बाळंतपणं बघितली आणि वहीत भरली. हात किती लावला, ते तुला मी काय सांगायचं? म्हणून तीन वर्षांची वॉर्डातली नोकरी सोडून पुन्हा विद्यार्थिनी झालेय. नर्सला हा कोर्स कमी वेळात करता येतो, नाहीतर सरळ तीन वर्षांची डिग्री. पास व्हायला ४० बाळंतपणं स्वतः करावी लागतात. माझी आत्तापर्यंत सात झालीत.

पहिलं सांगते. मला शिकवणारी बाई साठीला टेकलेली, बोलणं कमी. खोलीत दिवा मंद केलेला. बाळंत होणारी बाई कॉटवर नाही, खाली गादीवर ओणवी, कॉटच्या कडेवर डोकं टेकून. कळ ओसरली की माझी बाई गुडघ्यावर बसायची, खिशातून लाकडी नळकांडं काढून पोटाला लावायची, त्यावर कान टेकून पूर्ण एक मिनिट बाळाचे ठोके ऐकायची. दर १५ मिनिटांनी, आणि बाळ खाली सरकायला लागल्यावर दर ५ मिनिटांनी. बाकी वेळ हात मांडीवर. मला राहवेना, मी दोनदा पुढं झाले, दोन्ही वेळा तिनं मान हलवून मागं बसवलं. कुणी "जोर लाव, जोर लाव" म्हणून ओरडलं नाही. बाळ आलं, आईच्या छातीवर दिलं, आणि नाळ तशीच. नाळेतलं उडणं थांबेस्तोवर कापली नाही. डॉक्टर शेवटपर्यंत आले नाहीत, कारण बोलवायची गरज पडली नाही. कागदावर सही तिचीच.

मला त्या वेळी तूच आठवत होतीस. मांडुकलीला पाणी आलं की गगनबावड्याचा रस्ता बंद, उपकेंद्रात तू एकटी, आणि कंदिलाच्या उजेडात घरी नेलेली ती अडलेली बाई. फोन करायचा तरी कुणाला! तुझ्या ए.एन.एम.मधला, म्हणजे ऑक्झिलरी नर्स मिडवाइफमधला, शेवटचा एम मिडवाइफचाच आहे, आत्या. पण तुला गावात सगळे 'इंजेक्शनवाल्या बाई' म्हणायचे. पोलिओ, लसीकरण, कुटुंबनियोजनाचं टार्गेट आणि रजिस्टरं, यातच तो एम कुठं बुडाला कळलं नाही.

इथंही पूर्वी गल्लीतल्या बायकाच बाळंतपणं करायच्या. १९०२ साली कायदा झाला आणि शिकलेल्या बाईची नोंदणी सुरू झाली. म्हणजे सुईणीला हाकललं नाही, शिकवून खुर्चीवर बसवलं. (ज्यांना शिकता आलं नाही त्यांचं काय झालं, ते फार कुणी बोलत नाही.) आपल्याकडं दाईला साबण, ब्लेड, दोरा असलेलं किट दिलं आणि २००५ नंतर जननी सुरक्षा योजना आली तशी सगळी बाळंतपणं दवाखान्यात गेली. ते चांगलंच झालं, बायका वाचल्या. देशात लाख जन्मांमागं १३० माता दगावायच्या, त्या २०१८ ते २० च्या आकड्यात ९७ वर आल्या. महाराष्ट्रात तर ३३. पण दवाखान्यात गेल्यावर चारातली एक सिझरला जाते, हेही आपल्याच राज्याचं.

इथं सगळं सोन्याचं आहे असं समजू नकोस. सिझर इथंही वाढलीत, माणसं कमी पडतात, माझी बाई डबा उघडायच्या आधी तीनदा उठते. २०२२ मध्ये डॉना ऑकेंडन या सुईणबाईंचा चौकशी अहवाल आला, इथल्याच श्रॉपशायरकडच्या दवाखान्यांतल्या बाळंतपणांचा. नीट काळजी घेतली असती तर दोनशेवर बाळं कदाचित वाचली असती असं त्यात आहे. साधंच बाळंतपण व्हायला हवं हा हट्ट, हेही त्यातलं एक कारण. आम्हाला तो वर्गात वाचायला लावला. हात कधी लावायचा नाही हे जितकं शिकायचं, तितकंच कधी धावायचं हेही. तू त्या कंदिलाच्या उजेडात नेमकं तेच तर ठरवत होतीस.

सुषमाला निरोप दे. केंद्र सरकारनं २०१८ मध्ये नर्सेससाठी १८ महिन्यांचा मिडवाइफरीचा कोर्स ठरवलाय, तेलंगणानं त्याच्याही आधी सुरुवात केली होती. आपल्याकडं जागा कुठं निघतात, तिनं कोल्हापूरच्या सीपीआर दवाखान्यात चौकशी करावी. स्टाफ नर्स म्हणून डॉक्टरांच्या मागं ट्रे धरून उभं राहण्यापेक्षा बरं.

आणि आईला सांग, शाहू महाराजांनी कृष्णाबाई केळवकरांना पुढचं शिकायला परदेशी पाठवलं होतं, आणि परत येऊन त्या कोल्हापूरच्याच दवाखान्यात बायकांना तपासत राहिल्या. तेव्हाही पेठेत कुणीतरी नाक मुरडलं असेलच की.

एक काम. तुझं ते ॲल्युमिनियमचं नळकांडं, ट्रंकेत जुन्या रजिस्टरांखाली होतं बघ. कडेला पोचा आलेलं. दादा मेमध्ये येतोय, त्याच्या बॅगेत टाक. चटणीच्या पुडीशेजारी नको, मागच्या वेळी सगळ्या कपड्यांना वास लागला होता. मला लाकडी मिळालंय, पण तुझ्या त्याच्यावर कान ठेवून बघायचंय.

तुझी,
शैला