गट तोच, अर्थ वेगळा

महोदय,

गरिबांना विनातारण छोटे कर्ज देण्याची कल्पना बांगलादेशातील ग्रामीण बँकेने जगापुढे ठेवली आणि २००६ मध्ये या बँकेला व तिचे संस्थापक मुहम्मद युनूस यांना शांततेचे नोबेल मिळाले. आपल्याकडे १९९२ मध्ये नाबार्ड या राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेने बचत गटांना बँकांशी जोडले, त्यात मात्र कर्जाच्या आधी बचत होती. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. मासिक बैठकीत पैसे सर्वांसमोर मोजले जातात, इतिवृत्त लिहिले जाते आणि बियाण्यासाठी आधी कोणाला, दवाखान्यासाठी कोणाला, हे बायकाच ठरवतात. गटाच्या पैशातून सभासदांना दिलेल्या अंतर्गत कर्जाचे व्याजही गटातच राहते. छोटी कर्जे देणाऱ्या खासगी सूक्ष्मवित्त कंपन्यांच्या गटात बहुधा एकीचा हप्ता थकला की बाकीच्यांनी भरायचा, एवढाच सहभाग उरतो. अशा कंपन्यांच्या सक्तीच्या वसुलीमुळे २०१० मध्ये आंध्र प्रदेश सरकारला अध्यादेश काढावा लागला होता. सर्व कर्जांचे मिळून हप्ते कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपेक्षा अधिक नसावेत, असे बंधन रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये घातले खरे. पण सुगीत एक आणि उन्हाळ्यात दुसरेच असणारे शेतमजुराचे उत्पन्न कागदावर मांडणार कसे? हे गावातल्या बायकांना नेमके ठाऊक असते. म्हणून ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातील ग्रामसंघांनी, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघांनी, सभासदांवरील बाहेरच्या कर्जांचीही नोंद वहीत ठेवावी आणि हप्ता जड जात असलेल्या सभासदाला वसुली अधिकारी दारात येण्यापूर्वी संघाच्या निधीतून कर्ज द्यावे.

– एक वाचक, सातारा