मानेतला विसर्ग

लंडन,
१८ जानेवारी

तीर्थरूप बाबांना,
साष्टांग नमस्कार.

दादाने तुमच्या मानेच्या डॉपलरचा (रक्ताचा वेग मोजणाऱ्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट पाठवला, तो मी नीट वाचला. फोनवर आपलं बोलणं 'साठ टक्के ब्लॉकेज' एवढ्यावरच अडतं, आई घाबरते आणि खरं सांगायचं ते राहून जातं. म्हणून हे पत्र. दुपारी चष्मा लावून निवांत वाचा. गेली काही वर्षं मी इथे जे शिकतेय तो विषय नेमका या इंचभर जागेचा आहे, आणि जन्मभर पाटाचं पाणी मोजलेल्या माणसाला तो कळायला काहीच अडचण नाही.

मानेत दोन्ही बाजूंनी एकेक मोठी धमनी वर चढते. कंठमण्याच्या आसपास तिला दोन फाटे फुटतात, एक चेहऱ्याकडे आणि दुसरा मेंदूकडे. मेंदूकडच्या फाट्याची सुरुवात जरा फुगीर असते. बहुतेकांचा प्लाक, म्हणजे धमनीच्या भिंतीत साठलेला चरबीचा थर, याच फुगीर जागी धरतो, तुमचाही तिथेच आहे. रक्त तर सगळ्या शरीरात तेच, कोलेस्टेरॉलही तेच, मग हीच जागा का?

खोडशीच्या कालव्यावर असताना तुम्हीच दाखवायचात, कालवा एकदम रुंद झाला की पाणी काठाशी मंदावतं, उलटं फिरतं आणि गाळ तिथेच बसतो. मानेतही मुख्य धार दोन फाट्यांमधल्या दुभाजकाला धरून जोरात जाते आणि बाहेरच्या भिंतीशी रक्त रेंगाळतं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला तिथला प्रवाह क्षणभर मागे वळतो. प्लाक धरतो तो याच बाहेरच्या भिंतीला. इथवर कालवा आणि धमनी सारखी. पुढे मात्र फरक आहे, कारण धमनीची भिंत जिवंत आहे. तिच्यावर काही नुसतं येऊन बसत नाही, तीच आत घेते.

भिंतीच्या आत पेशींचं एकाच थराचं अस्तर असतं. वाहतं रक्त त्याला पुढे ओढतं. ही ओढ, म्हणजे वॉल शिअर स्ट्रेस, किती असते बघा: निरोगी धमनीत साधारण १ ते २ पास्कल. तुमचं वरचं बीपी १२० असेल तर तो दाब होतो १६,००० पास्कल. म्हणजे दाबाच्या दहा हजाराव्या हिश्शाएवढी ही ओढ, आणि तरीही अस्तराच्या पेशींना ती कळते! ओढ नीट आणि एका दिशेने असेल तर पेशी प्रवाहाच्या दिशेने लांबट होतात, एकमेकींना घट्ट धरून राहतात आणि नायट्रिक ऑक्साइड सोडतात. त्याने धमनी सैल राहते आणि गुठळी धरत नाही. (नायट्रिक ऑक्साइडच्या या कामाच्या शोधाला १९९८ सालचं नोबेल मिळालं.) ओढ मंद झाली, मागेपुढे होऊ लागली की त्याच पेशी वेड्यावाकड्या पसरतात, त्यांच्यातून कोलेस्टेरॉल भिंतीत झिरपतं आणि दाह सुरू होतो. मला अजूनही याचं नवल वाटतं.

आधी काही शास्त्रज्ञांना उलट वाटायचं, की जिथे प्रवाहाचा मार जास्त तिथे भिंत सोलवटत असणार आणि रोगही तिथेच सुरू होत असणार. १९६९ मध्ये इथल्याच इम्पीरियल कॉलेजच्या कॉलिन कॅरो आणि सहकाऱ्यांनी मृतांच्या धमन्या तपासून दाखवलं, की सुरुवातीचे डाग ओढ कमी असलेल्या जागीच पडतात. १९८३ मध्ये अमेरिकेत झॅरिन्स, गिडन्स वगैरेंनी मानेच्या या फाट्याची प्रतिकृती करून तीत द्रव खेळवला, वेग मोजले आणि ते खऱ्या माणसांच्या प्लाकच्या जाडीशी ताडून पाहिले. मंद जागा तीच जाड जागा. आम्ही आता हेच एमआरआयवरून, संगणकावर, एकेका माणसासाठी करतो.

आता तुमच्या रिपोर्टकडे येते. त्यात लिहिलंय: उजवीकडे ५० ते ६९ टक्के, वेग सेकंदाला १६० सेंटिमीटर. तो टक्का मुख्यतः वेगावरून काढलेला आहे. विसर्ग म्हणजे क्षेत्रफळ गुणिले वेग, हे तुम्हाला मी काय सांगणार! व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ पाव उरतं आणि तेवढाच विसर्ग न्यायला रक्ताला चौपट वेगाने पळावं लागतं. वेग १२५ च्या वर गेला की पन्नास टक्क्यांच्या पुढे आणि २३० च्या वर गेला की सत्तरच्या पुढे, असा डॉक्टरांचा ढोबळ नियम आहे. डॉक्टरांना स्टेथोस्कोपमधून मानेत जो आवाज आला तो या धारेच्या खळबळीचा. पण आवाजावर विसंबायचं नाही. नस फारच अरुंद झाली तर विसर्गच घटतो आणि आवाज बंदही होतो.

एकदा जागा अरुंद झाली की सगळं उलटतं, आणि बाबा, मला सांगायचंय ते मुख्यतः हेच. जी भिंत इतके दिवस मंद ओढीत होती, तिच्यावर उभा राहिलेला उंचवटा आता थेट धारेत येतो. जिकडून प्रवाह येतो त्या अंगाला, म्हणजे हृदयाकडच्या बाजूला, ओढ कितीतरी वाढते. पलीकडे भोवरे होतात आणि तिथे प्लाक आणखी पसरतो. प्लाकच्या आत मऊ चरबीचा गर असतो आणि वर तंतूंची साय. गर मोठा आणि साय पातळ झाली, की दिवसाला लाखभर ठोक्यांचा ताण त्या सायीवर येतो. फुटलेले, खरवडलेले प्लाक पाहिले तर जखमा जास्त करून हृदयाकडच्या अंगालाच सापडतात. फुटल्या जागी गुठळी धरते, तिचा तुकडा सुटतो आणि मेंदूत जाऊन अडकतो. अर्धांगाचा झटका पुष्कळदा असा येतो. रक्त कमी पडल्यामुळे येतो तो त्या मानाने क्वचित, कारण मेंदूच्या तळाशी धमन्यांचं एक कडं आहे, एक बाजू कमी पडली तर बहुतेकदा दुसरी बाजू पुरवते. थॉमस विलिसने १६६४ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि त्याच्या ग्रंथात चित्रं काढणाऱ्यांत ख्रिस्तोफर रेन होता, ज्याने पुढे इथलं सेंट पॉल कॅथीड्रल बांधलं. तुम्ही आलात की दाखवीन.

म्हणून साठ टक्क्यांचा शांत, जाड सायीचा प्लाक चाळीस टक्क्यांच्या पातळ सायीच्या प्लाकपेक्षा बरा असू शकतो. 'काही दुखत नाही, मग गोळ्या कशाला' असं तुम्ही आईला म्हणालात. प्लाक दुखत नाहीच. कोलेस्टेरॉलची गोळी (स्टॅटिन) गर कमी करते, दाह शमवते आणि साय घट्ट करते. अरुंदपणा फारसा कमी झालेला दिसणार नाही, तरी गोळी काम करत असते. बीपीच्या गोळीने प्रत्येक ठोक्याचा ताण उतरतो, ॲस्पिरिनने गुठळी धरायला अडचण होते. तिन्ही गोळ्या रोज, चुकवायच्या नाहीत. आणि तंबाखू सोडा, बाबा. मी हात जोडते. अस्तराच्या त्या पेशींचं निकोटिनशी जमत नाही. आईची मिश्रीही त्यातच आली.

ऑपरेशन का नाही, असं दादा विचारत होता. ज्यांना झटक्याची चाहूल लागून गेली होती आणि नस सत्तर टक्क्यांहून जास्त अरुंद होती, अशांवर उत्तर अमेरिकेत मोठा अभ्यास झाला, १९९१ मध्ये त्याचा निकाल आला. नुसत्या औषधावर दोन वर्षांत २६ टक्के लोकांना त्या बाजूचा झटका आला, नस साफ केलेल्यांत ९ टक्के. फायदा मोठा आहे, पण तो त्या माणसांसाठी. तुम्हाला चाहूल लागलेली नाही, आकडाही सत्तरच्या खाली आहे आणि ऑपरेशनचा स्वतःचा धोका असतोच. डॉक्टरांचं 'थांबू या' मला पटतं.

चाहूल कशी असते ते मात्र घरात सगळ्यांना पाठ पाहिजे. एका डोळ्यापुढे अचानक अंधार, तोंड वाकडं, हात किंवा पाय लुळा, बोलणं अडखळणं. दहा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं तरी घरी बसायचं नाही, लगेच १०८ ला फोन. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि गावातून कराडला पोचण्यातच वेळ जातो.

आणखी एक. दाढी करून झाल्यावर मान कडाकडा मोडून घ्यायची तुमची सवय आहे, ती आजपासून बंद. मानेची मालीशही नको. ज्या जागी प्लाक आहे तिथे बाहेरून दाब आणि झटका नकोच, शिवाय मान मोडताना धड धमनीसुद्धा आतून चिरल्याची उदाहरणं आहेत.

पुढचा डॉपलर डॉक्टर सांगतील तेव्हा, पण शक्यतो त्याच केंद्रात करा. मानेवर फिरवतात त्या प्रोबचा कोन थोडा बदलला तरी वेगाचा आकडा बदलतो, मग खरा फरक कुठला हे कळत नाही. दादाला म्हणावं, नुसता कागद नको, वेगाचे आलेख असलेली चित्रंही पाठव. प्लाकचा पृष्ठभाग गुळगुळीत आहे की खडबडीत, हेही डॉक्टरांना विचारा. रिपोर्टमध्ये ते लिहिलेलं नाही आणि मला ते टक्क्यांइतकंच महत्त्वाचं वाटतं. बीपी रोज सकाळी वहीत लिहा, मी रविवारी फोनवर विचारीन.

आईला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमची,
मनू