तेरा दिवसांचा घुसखोर

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत व्हिसाची मुदत संपूनही परदेशात राहणाऱ्यांवर जो लेख आला आहे, त्याबद्दल लिहितो आहे. खरं तर सोमवारीच लिहिणार होतो. पण रक्तदाब वाढलेला असताना पत्र लिहू नये, असं आमच्या सौभाग्यवतींचं मत पडलं. आज मंगळवार. रक्तदाब आहे तिथेच आहे.

लेखकमहाशय फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने हद्दपार करून अमृतसरला उतरवलेल्या १०४ जणांपासून सुरू करतात आणि दुसऱ्याच परिच्छेदात पोराकडे गेलेल्या म्हाताऱ्या आईबापांवर घसरतात. सगळे एका माळेचे मणी! अहो, चोरवाटेने सरहद्द ओलांडणारा वेगळा आणि समोरच्या दाराने, शिक्का मारून घेऊन आत गेलेला वेगळा. हा फरक अमेरिकेचा कायदासुद्धा करतो. आपल्या लेखकांना तो करावासा वाटला नाही. असो.

माझा राग लेखासोबतच्या त्या चौकटीवर आहे. 'पासपोर्टवरील व्हिसाची तारीख पाहा आणि त्याआधी परत या.' संपादक महोदय, हे ज्याने लिहिलं त्याने व्हिसा घेऊन प्रवास केलेला नाही, हे मी पैजेवर सांगतो. कारण नेमकी तीच तारीख बघून मी घुसखोर झालो.

आमचा व्हिसा दहा वर्षांचा. १२ नोव्हेंबर २०२३ ला आम्ही दोघं न्यू जर्सीला मुलाकडे गेलो. निघताना इथल्या एजंटला विचारलं होतं, किती दिवस राहता येईल? तो म्हणाला, "काय भिऊ नका सर, धा वर्षांचा हाय." मी सदतीस वर्षं पोरांना गणित शिकवलं, पण हे गणित तपासलं नाही. परतीचं तिकीट त्यानेच ३० मेचं काढून दिलं.

दहा वर्षं असतात ती विमानतळाच्या दारापर्यंत जाण्याची. आत किती दिवस राहायचं, हे तिथला अधिकारी ठरवतो आणि बहुधा सहा महिने देतो. त्या नोंदीला आय-९४ म्हणतात. पूर्वी तिचा कागद पासपोर्टला टाचून मिळायचा. विमानाने येणाऱ्यांसाठी २०१३ पासून तो बंद झाला, आता आपणच संगणकावर बघायचं. मुदत वाढवून हवी असेल तर ती संपायच्या आत अर्ज करावा लागतो. चौकटीत यातलं एक अक्षर नाही.

२० मेच्या रात्री जेवण झाल्यावर मुलाने सहज लॅपटॉप उघडला. पोळ्यांचा डबा अजून टेबलावरच होता. त्याने ती नोंद काढली आणि बराच वेळ काही बोललाच नाही. ११ मे. आम्ही नऊ दिवस बेकायदेशीर.

मग तो म्हणाला, "बाबा, आता जाऊच नका." तो तिथला नागरिक. एकवीस वर्षांवरील नागरिकाच्या आईवडिलांना ग्रीन कार्डासाठी रांग नाही. शिवाय रीतसर आत आलेले असतील, तर मुदत उलटली तरी तिथे बसूनच अर्ज करता येतो. म्हणजे राहिलो असतो तर आमचा गुन्हा धुऊन निघाला असता! फक्त कागद होईपर्यंत, निदान प्रवासाची वेगळी परवानगी मिळेपर्यंत, देश सोडायचा नाही.

दोन रात्री घरात कुणी झोपलं नाही. इकडे येळ्ळूरला माझ्या सासूबाई, वय ८८. रोज फोन करून एकच विचारायच्या, धूळवाफेला (पावसाआधीच्या कोरड्या पेरणीला) माणसं मिळत नाहीत, तुम्ही कधी येताय? तिसऱ्या दिवशी सकाळी हिने बॅग काढली. मला विचारलंसुद्धा नाही. तिकीट बदलून २४ मेला निघालो, तेरा दिवस उशिरा. जाताना विमानतळावर कुणी हटकलं नाही. तिथे बाहेर पडताना शिक्काच नसतो.

उशीर १८० दिवसांवर गेला तर तीन वर्षं आणि वर्षभराचा झाला तर दहा वर्षं प्रवेश बंद. त्यातून आम्ही वाचलो. पण मुदत एका दिवसाने उलटली तरी आहे तो व्हिसा रद्द होतो. पुन्हा अर्ज, पुन्हा १८५ डॉलर माणशी, रात्रभर बसने मुंबईची अमेरिकी वकिलात. खिडकीपलीकडच्या तरुणाने तेरा दिवसांचं विचारलं. मी खरं ते सांगितलं. दोन मिनिटांत कागद हातात आला: तुम्ही मायदेशी परत जाल, याची खात्री पटत नाही.

चालून आलेलं ग्रीन कार्ड सोडून जो धूळवाफेसाठी परत आला, त्याची!

आता गंमत पुढे आहे. दोन महिने नातीला बघायला जायचं म्हटलं तर दार बंद. कायमचं राहायला येतो म्हटलं तर उघडं, कारण परत जाण्याची खात्री तिथे कोण मागणार? मुलगा म्हणतो, इथून अर्ज टाकतो. एजंट म्हणतो, कार्ड घ्या आणि राहा बेळगावातच, वर्षातून एकदा जाऊन या. हेही थापच. ते कार्ड तिथे राहणाऱ्यांसाठी असतं. सहा महिन्यांवर बाहेर राहिलात तर प्रश्न विचारतात आणि परवानगीशिवाय वर्ष उलटलं तर कार्डावर पाणी सोडायचं. सरकारी आरोग्य विम्याला तिथे सलग पाच वर्षं राहावं लागतं. तोवर या गुडघ्यांचा खर्च मुलाच्या डोक्यावर.

त्यातून कागद. जन्माचा दाखला काढायला गेलो तर तो कन्नडमध्ये, त्यावरून इंग्रजी भाषांतर, त्यात आडनावाचं तिसरंच स्पेलिंग. पासपोर्टावर बेलगाम, आधारवर बेळगावी. माझा जन्म १९५४ चा, मुंबई राज्यातला. शाळा म्हैसूर राज्यात झाली आणि निवृत्त झालो कर्नाटकात. यातल्या कशासाठीही मला शहापूर सोडावं लागलं नाही की कुणी व्हिसा मागितला नाही. मराठीत दाखला मागितला तर कारकून असा बघतो, की मीच इथे मुदत संपून राहिलोय! पण तो विषय वेगळा, आणि आपण त्यावर छापतच असता.

चौकट दुरुस्त करून, तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापावी, ही विनंती.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
शहापूर, बेळगाव

ता. क. त्याच पुरवणीत शेवटच्या पानावर 'दहा वर्षांचा व्हिसा, निश्चिंत राहा' अशी पाव पान जाहिरात आहे. फोन नंबर मला पाठ आहे.