गाडीबद्दल, सविस्तर

इंदूर
रविवार, 12 ऑक्टोबर 2025

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय पुरा होत नाही. बाबांना अर्धं ऐकू येतं आणि उरलेल्या अर्ध्यावर आई निकाल देऊन मोकळी होते. म्हणून लिहायला बसले. बाबा, एजी (महालेखाकार) ऑफिसात जन्मभर दुसऱ्यांचे खर्च तपासलेत, आता हा एक माझाही तपासा.

तुमचा पहिला आक्षेप मी आधीच मान्य करते. "गरज काय?" गरज काही नाही. पिथमपूरला जायला-यायला आपली स्विफ्ट पुरते. युनिटचं कर्ज मार्चमध्ये फिटलं, वय 44 झालं, आणि एक खरोखर जोरदार गाडी चालवायची हौस कॉलेजपासून आहे, एवढंच कारण आहे. ही गुंतवणूक आहे वगैरे मी सांगणार नाही. गाडी दर वर्षी स्वस्त होत जाणारी वस्तू आहे, आणि म्हणूनच तर मी जुनी बघतेय. पहिल्या मालकाने आपटी खाऊन झाल्यावर आपण घ्यायची.

आई, तू म्हणालीस की त्यापेक्षा मेळ्यातून नवी घे, टॅक्स अर्धा लागतो. आपल्या ग्वाल्हेरच्या मेळ्यात रोड टॅक्सवर 50 टक्के सूट मिळते हे खरं, इंदूरची माणसंसुद्धा त्यासाठी तिथे येऊन महागड्या गाड्या घेतात. पण नवी गाडी पहिल्या तीन-चार वर्षांत जेवढी उतरते, त्यापुढे ती सूट काहीच नाही.

तर, दोन गाड्या पाहिल्या. दोन्ही बीएमडब्ल्यू.

पहिली 2013 ची एम 5, दिल्लीची. 4.4 लिटरचं व्ही 8 इंजिन, दोन टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारे पंखे), 560 हॉर्सपॉवर. नवी असताना कोटीच्या घरातली गाडी, आता मागत होते 31 लाख. मी खरंच हुरळून गेले. बाबा, आपली फियाट 1089 सीसीची होती आणि ताकद जेमतेम चाळीस घोड्यांची. मोहना गावाच्या पुढे पाणी उकळलं की आम्ही दोघी बहिणी खाली उतरून झाडाखाली बसायचो, आठवतंय? त्या हिशेबाने ही गाडी म्हणजे चौदा फियाटा एका दोरीला बांधलेल्या.

पण एवढी स्वस्त का, हे शोधायला लागले तेव्हा पाय जमिनीवर आले. एक म्हणजे दिल्लीत पेट्रोल गाडीच्या डोक्यावर 15 वर्षांनी बाद होण्याच्या नियमाची टांगती तलवार असते, त्यामुळे तिथले लोक जुनी होत चाललेली गाडी बाहेरच्या राज्यात काढतात. इथे आणायची तर तिथल्या आरटीओची एनओसी, मग मध्य प्रदेशचा टॅक्स नव्याने, मग नवा नंबर. हे सगळं फार तर कटकटीचं. खरी गोम इंजिनात आहे. या इंजिनाचे दोन्ही टर्बो सिलिंडरांच्या दोन रांगांच्या मधल्या खाचेत बसवलेले आहेत. त्यामुळे गाडी उसळते झकास, पण सगळी उष्णता तिथेच कोंडते. रबरी होज, सील, प्लास्टिकचे जोड वर्षानुवर्षं भाजून निघतात आणि मग एकेक करून तेल नाहीतर पाणी गळायला लागतं. गाडीची किंमत उतरली तरी सुट्या भागांची उतरत नाही. ते अजून कोटीच्या गाडीचेच आहेत. आमच्या इथला मिस्त्री, ज्याने आजवर माझी स्विफ्ट सोडून दुसरं काही जपलेलं नाही, तो फोटो बघून म्हणाला, "दीदी, हाथी सस्ता मिल रहा है, पर गन्ना आपको ही खिलाना है." ती सोडली.

दुसरी इथलीच, एमपी 09, एकाच मालकाची. एम 340 आय, जुलै 2021 ची. हे मॉडेल त्याच वर्षी मार्चमध्ये भारतात आलं तेव्हा शोरूमची किंमत 62 लाख 90 हजार होती. चेन्नईच्या कारखान्यात जुळवलेली गाडी. तीन लिटरचं, सहा सिलिंडर एका रांगेत असलेलं इंजिन, 387 हॉर्सपॉवर, शून्यापासून शंभरपर्यंत 4.4 सेकंद. ताकद चारही चाकांना जाते. हेच इंजिन टोयोटाच्या सुप्रातही बसतं, आणि दणकट म्हणून त्याचं नाव आहे. मालक 46 लाख म्हणतोय.

गेल्या रविवारी तीन तास त्या गाडीजवळ होते. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तीन टायरवर 2021 चे आकडे होते, मागच्या डाव्यावर 1124, म्हणजे 2024 चा अकरावा आठवडा. विचारलं. खड्ड्यात फाटला म्हणाला, बिल दाखवलं. मग रंगाची जाडी मोजायचं यंत्र फिरवलं. कंपनीचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन असतो, तसाच सगळीकडे आला, फक्त मागच्या उजव्या दारावर 290. म्हणजे ते दार पुन्हा रंगवलंय. पुट्टी भरली असती तर आकडा आणखी कितीतरी वर गेला असता. मोटारसायकल घासली होती म्हणे. सीटबेल्ट टोकापर्यंत ओढून पाहिले, चिखलाचा डाग किंवा कुबट वास नाही, म्हणजे पुरात उभी राहिलेली नाही. मीटरवर 38 हजार किलोमीटर, आणि सर्व्हिसच्या नोंदी त्याला धरून. (मीटर मागे फिरवणारे हुशार असतात, पण या गाड्यांच्या किल्लीतही किलोमीटर साठवलेले असतात. तेही वाचून घेणार आहे.)

इथवर सगळं इतकं छान होतं की मला संशय यायला लागला. निघताना सहज विचारलं, "रीमॅप केली होती का?" तो जरा थांबला. मग म्हणाला, एक वर्ष केली होती, परत मूळची करून घेतली. रीमॅप म्हणजे इंजिनाच्या संगणकाला नवे हुकूम देऊन टर्बोचा दाब वाढवायचा. घोडे वाढतात, पण गिअरबॉक्स आणि इंजिनावर कंपनीने न मोजलेला ताण येतो, शिवाय वॉरंटीवर पाणी. आणि ज्याने रीमॅप केली तो सिग्नलला शांत उभा राहणारा माणूस नसणार, हे मला कोणत्याही यंत्राशिवाय कळतं. बाबा, तुम्ही म्हणायचात ना, पावतीवर खाडाखोड नसेल तर दुसऱ्यांदा बघा. तेच झालं.

तेव्हा बयाणा दिलेला नाही. आई, हे वाक्य पुन्हा वाच. गुरुवारी गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये लिफ्टवर चढवून पूर्ण स्कॅन करायची आहे, खर्च माझा. गिअरबॉक्सच्या तेलाचंही बघणार आहे. "आयुष्यभर बदलावं लागत नाही" म्हणतात, पण गिअरबॉक्स बनवणारी कंपनी स्वतः 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटरच्या आत बदला म्हणते. स्कॅन स्वच्छ निघाला तर 42 म्हणणार, 43 च्या वर जाणार नाही. पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी 4 लाख वेगळे ठेवले आहेत, ते गाडीच्या किमतीत धरायचे नाहीत. नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याची सूट) त्याचा त्याच्याकडे राहील, विमा नव्याने. मालकी बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्याशिवाय आणि त्याच्या बँकेचा बोजा आरसीवरून उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देणार नाही.

वेगाची काळजी करू नका. चौपदरी हायवेला शंभरची मर्यादा आहे, आणि शिवपुरी ते गुना गाईच ती पाळायला लावतात. रोज जाता-येता नॅट्रॅक्सची, म्हणजे गाड्यांच्या चाचणी केंद्राची, भिंत दिसते, आत 11.3 किलोमीटरचा ट्रॅक आहे, आशियातला सगळ्यात लांब. तिथे कुणी मला सोडणार नाही, म्हणून भिंतीकडे बघून पुढे जाते.

दिवाळीला शनिवारी निघते. कोणत्या गाडीने ते शुक्रवारी रात्री फोन करून सांगेन. बाबा, तुमची फियाटची पेट्रोलची वही माळ्यावर असेल तर काढून ठेवा. 1989 साली जुनी घेताना तुम्ही दुरुस्तीला किती धरले होते आणि खरे किती गेले, ते मला बघायचंय.

आई, चिवड्यात खोबरं जास्त घाल.

तुमची,
मोठी